मोबाइलमधला पुरावा कोर्टात नेताना: वकिलाचं कर्तव्य काय आणि तुमचं काम काय?

‘स्क्रीनशॉट काढले, वकिलांना व्हॉट्सॲपवर पाठवले, आता केस पक्की.’ बीडमध्ये मित्रांकडून, नातेवाइकांकडून हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो. उसने पैसे, जमिनीचा वाद, ऑनलाइन फसवणूक, घरगुती भांडण, विषय कुठलाही असो, पुरावा मोबाइलमध्येच असतो. पण तो कोर्टात टिकवायचा तर नियम आहेत. त्यातले काही नियम तुमच्या वकिलावर बंधनकारक आहेत, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. त्यामुळे हा लेख म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे. फाइल, हॅश, मेटाडेटा हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि कायद्याची कलमं कुणालाही वाचता येतात. या दोन गोष्टी जोडून सोप्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न आहे.

आधी शेजारच्या जालन्याची गोष्ट

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल देशभरातल्या कोर्टांत ज्या निकालाचा दाखला दिला जातो, तो आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातून गेलेला आहे. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’ हे त्याचं नाव.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात खोतकर २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका केली. मुद्दा वेळेचा होता. उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबर २०१४ ला दुपारी ३ वाजेपर्यंत होती, आणि खोतकर यांचे अर्ज त्यानंतर दिले गेले असा आरोप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. म्हणजे सगळं रेकॉर्ड झालेलं होतं.

अडचण पुढे आली. कोर्टाच्या आदेशाने रेकॉर्डिंगच्या सीडी मिळाल्या, पण कायद्याला लागणारं प्रमाणपत्र त्यांच्यासोबत नव्हतं. तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब प्रमाणे, कॉपी दिली की ती कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली याचं सही केलेलं प्रमाणपत्र लागायचं. याचिकाकर्त्याच्या बाजूने ते पुन्हा पुन्हा मागितलं गेलं, तरी अधिकाऱ्यांनी दिलं नाही. शेवटी उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांची उलटतपासणीतली साक्षही विचारात घेतली आणि २४ नोव्हेंबर २०१७ ला निवडणूक रद्द ठरवली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमण्यन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. मूळ यंत्रच कोर्टात आणलं, म्हणजे फोनच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘हा माझा फोन, हा मीच वापरतो’ हे सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

२. कॉपी द्यायची असेल, मग ती सीडी असो, पेन ड्राइव्ह असो की प्रिंट, तर प्रमाणपत्र लागणारच. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही.

३. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात असेल आणि तो देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं. जे जे करणं शक्य होतं ते सगळं करूनही मिळालं नाही, तर अशक्य गोष्टीसाठी कायदा तुम्हाला अडवून धरत नाही.

खोतकर यांचं अपील फेटाळलं गेलं, कारण व्हिडिओ बाजूला ठेवला तरी इतर पुरावा होता. तोवर २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. पण तिसरा मुद्दा वकिलांसाठी मोठा धडा आहे. प्रमाणपत्र मागितल्याची पत्रं आणि कोर्टातले अर्ज नोंदीवर होते, म्हणूनच ‘आम्ही सगळे प्रयत्न केले’ असं म्हणता आलं. वकिलाने हे अर्ज वेळेत केलेच नसते तर?

आता कायदा काय आहे?

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. ६५-ब चं काम आता कलम ६३ करतं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या शेवटी अनुसूचीत दिलाय. त्याचे दोन भाग आहेत.

भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा. यंत्र कोणतं (मोबाइल, डीव्हीआर, पेन ड्राइव्ह, क्लाउड वगैरे), कंपनी आणि मॉडेल, रंग, सीरियल नंबर, आयएमईआय अशी माहिती त्यात येते. भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. दोन्ही भागांत फाइलची हॅश व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीने काढली हे लिहावं लागतं.

हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा समजा. एसएचए-२५६ या पद्धतीत कुठलीही फाइल दिली, मग ती दोन ओळींची असो की दोन जीबीची, तरी ६४ अक्षरांची एक ओळ मिळते. फोटोतला एक पिक्सेल बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. त्यामुळे जप्तीच्या दिवशी काढलेली हॅश आणि कोर्टातल्या फाइलची हॅश जुळली, तर मधल्या काळात फाइलला हात लागलेला नाही असं म्हणता येतं.

नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ हे तिन्ही पर्याय दिलेत. माझ्या मते एसएचए-२५६ च निवडावा. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फाइल्सची सारखी हॅश बनवता येते हे २००४ मध्येच दाखवून झालंय, आणि एसएचए-१ मध्ये २०१७ मध्ये.

इथे एक गैरसमज टाळा. हॅश जुळली म्हणजे आतली गोष्ट खरी असं नाही. एआयने बनवलेल्या खोट्या ऑडिओचीसुद्धा व्यवस्थित हॅश निघते. हॅश फक्त ‘तेव्हापासून बदल नाही’ एवढंच सांगते. फाइल मुळात खरी आहे का हे माणसांनाच बघावं लागतं, आणि वकिलाची जबाबदारी इथूनच सुरू होते.

वकिलाची कर्तव्यं कुठे लिहिली आहेत?

अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम केलेत. त्यांच्या सहाव्या भागातल्या दुसऱ्या प्रकरणात वकिलाचं कोर्टाशी, अशिलाशी आणि समोरच्या बाजूशी वागणं कसं असावं हे दिलंय. हे नियम मोबाइल येण्याच्या आधीच्या काळातले वाटतात, पण मोबाइलच्या पुराव्याला ते तंतोतंत लागू पडतात. एकेक बघू.

१. खोटा पुरावा पुढे करायचा नाही

वकिलाने अशिलासाठी निर्भयपणे लढायचं असतं, पण कोर्टाला फसवायचं नसतं. नियम ४ सांगतो की अशील गैरमार्गाने जात असेल तर वकिलाने त्याला रोखायचा पूर्ण प्रयत्न करावा, आणि तो ऐकतच नसेल तर त्याचं काम नाकारावं.

व्यवहारात हे कसं दिसतं? समजा, तुम्ही एक चॅट दाखवलं. त्यात वर नाव आहे ‘पवार शेठ’. पण फोनमध्ये कुठल्याही नंबरला कुठलंही नाव देऊन सेव्ह करता येतं. म्हणजे मी माझ्याच दुसऱ्या नंबरला ‘पवार शेठ’ म्हणून सेव्ह करून स्वतःशीच चॅट करू शकतो. व्हॉट्सॲपमधून ‘एक्स्पोर्ट चॅट’ केलं की साधी टेक्स्ट फाइल मिळते, आणि ती नोटपॅडमध्ये उघडून बदलता येते. म्हणून चांगला वकील विचारतो, ‘नंबर दाखव. मूळ फोन कुठंय? आधीचे आणि नंतरचे मेसेज दाखव.’ अशा वेळी राग मानू नका. त्याने विचारलं नाही, तर समोरचा वकील उलटतपासणीत विचारेलच, आणि तेव्हा उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

न्यायालयीन कामात खोटा पुरावा देण्याला किंवा तयार करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

२. ‘डिलीट कर’ असं सांगायचं नाही

हा सगळ्यात नाजूक मुद्दा. चॅटमध्ये तुमच्या फायद्याचे दहा मेसेज असतात आणि तोट्याचे दोन. ते दोन उडवायचा मोह होतोच. पण कोर्टात दाखवावी लागू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. अशिलाने विचारलं तर वकिलाने ‘नाही’च म्हणायला पाहिजे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात याचं गाजलेलं उदाहरण आहे, ‘अलाइड काँक्रीट विरुद्ध लेस्टर’. अपघातात पत्नी गमावलेल्या माणसाने नुकसानभरपाईचा दावा केला होता. त्याच्या फेसबुकवर मौजमजेचे फोटो होते. वकिलाने आपल्या सहायिकेमार्फत त्याला पेज साफ करायला सांगितलं. हे उघड झाल्यावर कोर्टाने वकिलाला ५,४२,००० डॉलर आणि अशिलाला १,८०,००० डॉलर भरायला लावले. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि वकिलाची सनद पाच वर्षं निलंबित झाली. गंमत म्हणजे त्या फोटोंमुळे केस हरली असती असंही नव्हतं. अपघातात चूक समोरच्यांचीच होती. फोटो राहिले असते तर वकिलाला फार तर कोर्टात थोडं स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं.

३. गुपित ठेवायचं

वकिलाला तुम्ही फोन उघडून दाखवता तेव्हा त्यात केसपुरतीच माहिती नसते. घरचे फोटो, बँकेचे मेसेज, मित्रांचे चॅट, सगळंच असतं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे वकील तुमच्या संमतीशिवाय तुमचं त्याच्याशी झालेलं बोलणं आणि त्याला दाखवलेल्या कागदपत्रांतला मजकूर उघड करू शकत नाही, आणि काम संपल्यावरही हे बंधन राहतं. बार कौन्सिलचा नियम १७ हेच कर्तव्य त्याच्यावर वेगळं टाकतो. नियम २४ म्हणतो की अशिलाने ठेवलेल्या विश्वासाचा गैरफायदा घ्यायचा नाही.

याला अपवाद आहे. बेकायदेशीर कामासाठी केलेलं बोलणं यात येत नाही. ‘हा स्क्रीनशॉट एडिट करून द्या’ असं वकिलाला सांगितलं, तर त्या बोलण्याला हे संरक्षण मिळेल असं धरून चालू नका.

या कर्तव्याची तांत्रिक बाजू मला महत्त्वाची वाटते. ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर सगळ्या अशिलांच्या फाइल्स, पासवर्ड नाही, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून प्रिंट, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं. त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमची फाइल राहून गेली तर तिचं पुढे काय होईल याची खात्री देता येत नाही. वकिलाला ‘माझ्या फाइल्स कुठे ठेवता?’ असं विचारणं उद्धटपणा नाही.

४. दुसऱ्याच्या अब्रूची काळजी घ्यायची

पुराव्यात तुमच्याशिवाय इतर माणसंही असतात. केरळमधल्या एका अभिनेत्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आरोपीने मेमरी कार्डची कॉपी मागितली होती. २९ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मेमरी कार्डमधला मजकूर हा ‘दस्तऐवज’ आहे आणि एरवी आरोपीला त्याची कॉपी मिळाली पाहिजे. पण इथे पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न होता. म्हणून कॉपी नाकारली आणि आरोपीला, त्याच्या वकिलाला व तज्ज्ञाला फक्त पाहणीची परवानगी दिली. बचावाचा हक्कही राहिला आणि पीडितेची अब्रूही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यांनी अनुभवलाय. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. आरोपपत्र दाखल झाल्यावर मार्च २०२५ च्या सुरुवातीला त्यातले फोटो टीव्हीवर आणि सोशल मीडियावर आले. लोक हादरले, आणि ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. माझ्या फोनवरही ते फोटो वेगवेगळ्या ग्रुपमधून येत राहिले.

लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. ग्रुपमध्ये फिरणारा फोटो हा कोर्टातला पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे जप्त केलेला फोन, त्यातली मूळ फाइल, तिची हॅश आणि ती कुणाकुणाच्या हातातून गेली याची नोंद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांच्या अहवालात इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या ताब्याचा क्रम द्यावा लागतो. बचावाच्या वकिलाने ही साखळी कडी-कडी तपासणं हे त्याचं कर्तव्यच आहे, आणि त्यासाठी त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, आपण तो फोटो फॉरवर्ड केल्याने खटल्याला काडीची मदत होत नाही. त्या घरातल्या मुलांना मात्र तो पुन्हा पुन्हा बघावा लागतो.

५. सरकारी वकिलाने काही दडवायचं नाही

नियम १६ सांगतो की सरकार पक्षाच्या वकिलाने निर्दोष माणसाला शिक्षा होईल अशा पद्धतीने खटला चालवू नये, आणि आरोपी निर्दोष असल्याचं दाखवू शकणारी सामग्री दडपू नये. मोबाइल लोकेशनमध्ये आरोपी घटनेच्या वेळी दुसऱ्या गावात दिसत असेल, तर तीही नोंद पुढे यायला हवी.

६. केसचं रील करायचं नाही

नियम ३६ वकिलाला जाहिरात करायला मनाई करतो. स्वतः लढत असलेल्या केसबद्दल वर्तमानपत्रात मजकूर छापून आणणं, फोटो देणं हेही त्यात येतं. नियमात इन्स्टाग्रामचं नाव नाही, पण हेतू स्पष्ट आहे. तुमच्या केसमधली ऑडिओ क्लिप वकिलाच्या रीलमध्ये दिसली, तर नियम १७ चाही प्रश्न येतो.

७. तंत्रज्ञान समजून घ्यायचं

अमेरिकन बार असोसिएशनने २०१२ मध्ये आपल्या आदर्श नियमांच्या टिप्पणीत लिहिलं की वकिलाने तंत्रज्ञानाचे फायदे आणि धोके यांची माहिती ठेवावी. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत असं थेट वाक्य नाही. पण कलम ६३ चा नमुना भरायचा तर हॅश म्हणजे काय हे कळावंच लागतं.

‘इंजिनिअर आहेस ना, एक सही मार’

नवा कायदा आल्यापासून माझ्यासारख्यांकडे एक वेगळीच मागणी येते. एका ओळखीच्याने कलम ६३ चा कागद पुढे केला. भाग ‘ब’ वर तज्ज्ञाची सही हवी होती. ‘दादा, तू कॉम्प्युटर इंजिनिअर आहेस, तुझी चालते असं सांगितलंय.’ हॅशचा रकाना रिकामा होता आणि फोन मी बघितलेलाही नव्हता. मी सही केली नाही.

कलमात ‘तज्ज्ञ’ एवढाच शब्द आहे. कोणती पदवी हवी हे तिथे लिहिलेलं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९-अ खाली केंद्र सरकार काही प्रयोगशाळांना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक म्हणून अधिसूचित करतं, तो एक मार्ग आहे. पण सही कुणाचीही असो, ती करणाऱ्याने फाइल स्वतः तपासलेली आणि हॅश स्वतः काढलेली असली पाहिजे, आणि उलटतपासणीला उभं राहायची त्याची तयारी हवी. कोऱ्या नमुन्यावर ‘तज्ज्ञाची’ सही आणायला सांगणारा वकील अशिलाला आणि सही करणाऱ्याला, दोघांनाही अडचणीत टाकतो.

वकिलाकडे जाण्याआधी हे करा

- ज्या फोनमध्ये पुरावा आहे तो विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका, रीसेट करू नका.
- व्हॉट्सॲपमध्ये ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर बंद करा. ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज उडवतं.
- स्क्रीनशॉट काढा, पण फक्त आठवण म्हणून. मूळ चॅट तसंच राहू द्या.
- फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबलने कॉपी करा. साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि तारीख, जागा, कॅमेरा ही माहिती निघून जाते.
- फाइल क्रॉप करू नका, नाव बदलू नका, त्यावर लाल गोल काढू नका. हे सगळं कॉपीवर करा.
- दुकान, पेट्रोल पंप किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीत पुरावा असेल तर लगेच लेखी मागणी करा. डिस्क भरली की डीव्हीआर जुन्या फुटेजवरच नवं रेकॉर्ड करतो.
- तोट्याचे मेसेजसुद्धा वकिलाला आधीच दाखवा. त्याला ते कोर्टात पहिल्यांदा कळणं सगळ्यात वाईट.

आणि वकिलाला हे चार प्रश्न विचारा: मूळ फोन द्यायचा की कॉपी? कलम ६३ चं प्रमाणपत्र कोण देणार? ते कोर्टात कधी दाखल करणार? समोरचा देत नसेल तर अर्ज कधी करणार?

वकील नियम मोडत असेल तर?

महाराष्ट्रात तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे शिस्तपालन समिती वकिलाला समज देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते किंवा त्याचं नाव यादीतून कायमचं काढू शकते. निर्णय मान्य नसेल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. मात्र केस हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. तक्रार करताना वकिलाने नेमकं काय केलं, कधी केलं आणि त्याचा लेखी आधार काय आहे, एवढं नीट मांडा. वकिलाशी झालेले तुमचे मेसेजही त्यात पुरावा ठरू शकतात, म्हणून तेही डिलीट करू नका.